पाय आणि पायडल

घरात नवी सायकल यावयाची असली, म्हणजे तिच्याविषयी केवढा खल होतो! रंग कोणता घ्यावा, गिअर असावेत की नसावेत, टायर जाड असावेत की बारीक, कॅरिअर बसवून घ्यावे की नाही, यांविषयी वडील, काका, थोरला भाऊ आणि शेजारपाजारचे जाणते असे सर्वजण आपापले मत देतात. परंतु “या सायकलीवर बसताना पायांत काय घालणार?” हा प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाही. वस्तुतः सायकलस्वाराचा आणि सायकलीचा संबंध तीनच ठिकाणी येतो. हात मुठींवर, बैठक सीटवर आणि पाय पायडलांवर. खाचखळग्यांच्या उतारावर तो सीटवरून किंचित उठतो, आणि मग त्याच्या देहाचा बहुतेक सारा भार दोन पायडलांवर येऊन पडतो. ज्या जागेवर एवढा भार, त्याच जागेविषयी आपण एवढे उदासीन का असावे?

हा प्रश्न मला प्रथम पडला तो एका अपघातामुळे. पावसाळ्याचे पहिले दिवस होते. आमच्या नववीच्या वर्गातील एक मुलगी सहा किलोमीटरांवरील खेड्यातून रोज सायकलने शाळेस येत असे. त्या दिवशी सकाळपासून रिमझिम चालू होती. पठाराच्या कडेवरून रस्ता जेथे खाली उतरतो, तेथे एका खड्ड्यात चाक आदळले आणि तिचा ओला पाय, चपलेसकट, पायडलवरून निसटला. दुसऱ्या पायाच्या भाराने पायडल गर्रकन फिरले व त्याची धातूची कड तिच्या नडगीवर बसली. जखमेस पाच टाके घालावे लागले. हाड मोडले नाही, एवढेच दैव.

दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली. ती म्हणाली, “गुरुजी, घरचे म्हणतात, आता सायकल नको. बसचा भरवसा नाही, अन् पायी यायचं तर पोर दमून जाते. जमत नसेल तर राहू द्या शाळा.” तिचे ते “राहू द्या” माझ्या मनातून बरेच दिवस गेले नाही. मी सायकल नीट तपासली. ब्रेक ठीक होते, टायर नवे होते, चेनही व्यवस्थित होती. मग मी त्या चपला पाहिल्या. त्यांचे तळवे घासून घासून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. दोष सायकलीचा नव्हता, मुलीचाही नव्हता. दोष होता तो पाय आणि पायडल यांच्यामधील बोटभर जाडीच्या वस्तूचा.

आपल्या भागात हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. बिदरचे पठार हे जांभ्या दगडाचे आहे. बिदरच्या किल्ल्याभोवतीचा तिहेरी खंदक याच लाल खडकात कोरून काढलेला आहे, हे आपणांपैकी अनेकांनी सहलीच्या वेळी पाहिले असेल. पठाराच्या माथ्यावर लाल मुरूम आणि कडेवरून खाली उतरताच काळी कसदार रानमाती, अशी आपली भूमी आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील पाणंदी आणि गाडीवाटा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस या दोन मातींचे स्वभाव सांगावयास नकोत. कोरड्या मुरमाचे गोटे चाकाखाली व बुटाखाली घरंगळतात. काळी माती भिजली की ती तळव्याला अशी चिकटते की, दहा पावलांत पायाचे वजन दुप्पट वाटू लागते. शहरातील गुळगुळीत डांबरी सडकेवर जो निष्काळजीपणा खपून जातो, तो येथे खपत नाही. अन्य देशांत ज्याला डोंगरी सायकलिंग म्हणून खेळाचा मान मिळाला आहे, ते आपल्या खेड्यांतील कित्येक मुले दप्तर पाठीस लावून रोज करीत असतात.

कर्नाटक शासनाने २००६-०७ पासून पुढे अनेक वर्षे शासकीय व अनुदानित शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली दिल्या. पुढे २०१५-१६ पासून शासकीय शाळांतील मुलांना बूट आणि मोजे देण्याची योजना सुरू झाली. दोन्ही गोष्टी स्तुत्यच होत. तथापि सायकल आणि बूट यांची एकमेकांशी सांगड घालून पाहण्याचे काम राहून गेले. ते काम आपले आपणच करावयाचे आहे, आणि ते मुळीच अवघड नाही.

प्रथम या डोंगरी सायकलीचा थोडा इतिहास पाहू. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात टमालपाइस नावाचा पर्वत आहे. तेथील काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरातील कच्च्या रस्त्यांवरून खाली सुटत असत. १९७६ साली त्यांनी त्या परिसरात ‘रिपॅक’ नावाची शर्यत सुरू केली. उतारावर ब्रेक इतके तापत की आतील वंगण जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून शर्यतीस हे नाव पडले. १९७७ साली जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी सायकल बनविली. पुढे हा खेळ जगभर पसरला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्यास स्थान मिळाले.

या खेळात पायडलांचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथात बुटाच्या तळाशी धातूची एक पट्टी बसविलेली असते आणि ती पायडलमध्ये कुलपासारखी अडकते. सडकेवरील शर्यतीत ही युक्ती फार प्रसिद्धीस आली ती १९८५ साली, जेव्हा फ्रान्सच्या बर्नार्ड हिनोने अशी पायडले वापरून ‘तूर द फ्रान्स’ ही महाशर्यत जिंकली. या पद्धतीत पाय निसटत नाही, हे खरे. पण तो सोडवावयाचा तर टाच बाहेरच्या बाजूस वळवावी लागते, आणि ही सवय अंगी मुरलेली नसेल तर सायकलीसकट मनुष्य आडवा होतो. दुसरा पंथ सपाट पायडलांचा. आपल्या सर्वांच्या सायकलींना असतात ती याच जातीची. यांत पाय कशानेही बांधलेला नसतो. मनात येताच तो जमिनीवर टेकवता येतो.

सपाट पायडल हे केवळ नवशिक्यांचे, असा एक गैरसमज आहे. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल हा डोंगर-उताराच्या शर्यतींतील जगज्जेता. त्याने सपाट पायडलांवरच आपली कीर्ती मिळविली, आणि २०१७, २०१८ व २०१९ अशी सलग तीन वर्षे एंड्युरो या डोंगरी शर्यतींच्या जागतिक मालिकेचे विजेतेपद पटकाविले. यावरून इतके तरी निश्चित होते की पाय मोकळा ठेवूनही तो पायडलवर घट्ट राहू शकतो. मात्र ही जबाबदारी मग सर्वस्वी बुटावर येते.

पाय पायडलवर कशामुळे टिकतो? घर्षणामुळे, असे उत्तर विज्ञानाच्या तासाला तुम्ही चटकन द्याल. ते बरोबर आहे. पण येथे घर्षण दोन प्रकारांनी साधलेले असते. डोंगरी सायकलीच्या चांगल्या पायडलवर बारीक बारीक खुंट्या वर आलेल्या असतात. पायाचा भार पडला की त्या बुटाच्या तळव्यात किंचित रुततात आणि पाय आडवा सरकू देत नाहीत. आपल्या साध्या सायकलींच्या पायडलांना खुंट्यांऐवजी रबरी ठोकळे असतात. तेथे रबराला रबर भिडते आणि त्यांची परस्परांवरील पकड हाच आधार असतो. दोन्ही ठिकाणी बुटाचा तळ मऊ असेल तरच काम भागते. कठीण तळव्यात खुंटी रुतत नाही आणि कठीण तळवा रबरी ठोकळ्यालाही धरून बसत नाही.

म्हणून रबराविषयी थोडे जाणून घेतले पाहिजे. नैसर्गिक रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. १८३९ साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यास असे आढळले की, रबरात गंधक मिसळून ते तापविले म्हणजे हा दोष नाहीसा होतो. त्यानंतरच रबराचे तळवे आणि टायर शक्य झाले. १९३५ साली आल्प्स पर्वतात इटलीच्या व्हितालो ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा सोबती प्राणास मुकले. त्यांच्या पायांत त्या हवेला योग्य पादत्राणे नव्हती. या दुःखातून ब्रामानीने १९३७ साली खोल खाचांचा रबरी तळ तयार केला, आणि तोच पुढे ‘व्हायब्रम’ या नावाने जगभर गेला. खडक चढणाऱ्यांनी त्याहूनही चिकट रबर शोधले. १९८५ साली चार्ल्स कोल या अमेरिकन गिर्यारोहकाने ‘फाइव्ह टेन’ नावाची कंपनी काढली. तिचे खडकासाठी केलेले मऊ रबर पुढे डोंगरी सायकलस्वारांनी आपलेसे केले. २०११ साली ती कंपनी आदिदासने विकत घेतली. अशा रबराचे मर्म एवढेच की ते दाबले असता हळूहळू पूर्ववत् होते. उसळणारा चेंडू ज्या रबराचा असतो, ते रबर खुंटीला लगेच परत ढकलते. मंद रबर मात्र खुंटीभोवती क्षणभर मिठी मारून राहते.

असले परदेशी बूट आपल्यापैकी फारच थोड्यांस परवडतील, आणि शाळेस येण्यासाठी त्यांची गरजही नाही. परंतु त्यांची रचना पाहून आपण चार कसोट्या शिकू शकतो व त्या आपल्या घरातील कोणत्याही पादत्राणास लावू शकतो.

पहिली कसोटी तळव्याच्या आकाराची. पायडल सपाट, तर तळवाही सपाट हवा. विशेषतः चवड्याखालचा भाग पायडलवर पूर्णपणे टेकला पाहिजे. धावण्याच्या बुटांचा तळ पुढून वर वळलेला आणि टाचेकडे जाड असतो. जमिनीवर धावताना हे सुखाचे असते, पण पायडलवर असा बूट डोलतो. डोंगर चढण्याच्या बुटांना खोल खाचा असतात. त्यांच्यामधील उंचवटे तेवढे पायडलला टेकतात आणि खाचा रिकाम्याच राहतात. शिवाय आपली काळी माती त्या खाचांत गच्च बसते. म्हणून चवड्याखाली उथळ नक्षी, आणि सायकल ढकलत चढ चढताना उपयोगी पडावी म्हणून बोटांशी व टाचेशी थोडी खोल नक्षी, ही सर्वांत सोयीची रचना होय.

दुसरी कसोटी ताठपणाची. बूट हातात घेऊन दोन्ही टोकांनी वाकवून पाहावा. तो चपातीसारखा दुमडत असेल, तर प्रत्येक वेळी पायडल दाबताना पाऊल पायडलभोवती वाकेल आणि तळपाय दुखू लागेल. तो फळीसारखा मुळीच वाकत नसेल, तर पायडलचा स्पर्शच पायास कळणार नाही व चालणेही जड होईल. थोड्या जोराने वाकणारा आणि सोडताच सरळ होणारा बूट योग्य समजावा. हा विचार क्षुल्लक वाटतो काय? मग थोडे गणित करा. साध्या अठ्ठावीस इंची सायकलीच्या पुढच्या चक्रास ४४ आणि मागच्या चक्रास १८ दात असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सहा किलोमीटरांत असे सुमारे अकराशे फेरे होतात. जाऊन-येऊन प्रत्येक पाय रोज बावीसशे वेळा पायडल दाबतो. बावीसशे वेळा होणारा लहानसा त्रास हा लहान राहत नाही.

तिसरी कसोटी संरक्षणाची. बोटे झाकलेली असावीत, कारण वाटेवरील दगड, बाभळीचा काटा आणि पडताना जमीन यांचा पहिला प्रसाद बोटांनाच मिळतो. टाच मागून घट्ट धरलेली असावी. घोट्याच्या आतील बाजूस पायडलचा दांडा फिरत असतो, म्हणून तेथे जरा उंच व जाड कड असल्यास उत्तम. नाडीची लोंबती टोके बुटात खोचून ठेवावीत. उजव्या बाजूस चेन असते, आणि तिने नाडी ओढून घेतली तर चाकाआधी मनुष्यच थांबतो!

चौथी कसोटी पकडीची, आणि ती आपण शाळेत प्रयोग करून पाहू शकतो. आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची फरशी महाराष्ट्रात घरोघर गेली आहे. ओली झालेली शहाबादी फरशी किती निसरडी असते, हे ज्यास ठाऊक नाही असा मराठी मनुष्य विरळा. तर मीटरभर लांबीची एक मजबूत फळी घ्यावी आणि तिच्या वरच्या टोकास शहाबादी फरशीचा लहान तुकडा पक्का बसवावा. त्यावर बूट ठेवून त्यात एक किलोचे वजन घालावे. मग शिक्षकांच्या मदतीने फळीचे ते टोक सावकाश उचलावे आणि बूट सरकू लागताच थांबावे. फळीच्या वरच्या टोकाची जमिनीपासून उंची आणि फळीने व्यापलेली आडवी लांबी मोजून उंचीस लांबीने भागावे. येणारा आकडा म्हणजेच त्या बुटाचा त्या फरशीवरील घर्षणांक. उंची ३० सेंटिमीटर असताना बूट घसरला, तर आडवी लांबी सुमारे ९५ सेंटिमीटर भरेल व घर्षणांक सुमारे ०.३१ येईल. ६० सेंटिमीटरपर्यंत तो टिकून राहिला, तर आडवी लांबी ८० सेंटिमीटर आणि घर्षणांक ०.७५ येईल. हाच प्रयोग फरशी ओली करून पुन्हा करावा. वर्गातील निरनिराळी पादत्राणे या फरशीवर ठेवून त्यांचा तक्ता करा, म्हणजे कोणत्या बुटावर विश्वास ठेवावा हे पुस्तक न वाचताही समजेल. खुंट्यांच्या पायडलवर पकड याहून अधिक मिळते, हे अर्थात् लक्षात ठेवावे. ही परीक्षा तुलनेपुरतीच आहे.

आता या कसोट्यांवर आपली नेहमीची पादत्राणे घासून पाहू. रबरी स्लिपर ही टाचेस मोकळी असते. धक्का बसला की ती पायातून अर्धी निघते, आणि पायडलवर स्लिपर राहून पाय मात्र पुढे सरकतो. कोल्हापुरी चपलेचा आपणां सर्वांस अभिमान आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्यात महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्ह्यांचा समावेश आहे. परंतु तिचा कातडी तळ वापराने गुळगुळीत होतो व भिजला की अधिकच निसरतो. लग्नसमारंभात ती शोभते, पायडलवर नव्हे. जुन्या टायरचा तळ लावलेल्या चपला शेतात वर्षानुवर्षे टिकतात, पण त्यांचे रबर टिकाऊपणासाठी कठीण केलेले असते आणि बोटे उघडीच राहतात. शाळेच्या काळ्या बुटांपैकी पुष्कळांचा तळ पीव्हीसीचा असतो. तो पायाचे रक्षण चांगले करतो, मात्र ओल्या पायडलवर त्याची पकड बेताचीच असते. यास्तव असे बूट वापरणाऱ्याने पावसात वेग कमी ठेवावा.

या सर्वांत गरिबाचा खरा सोबती म्हणजे कवायतीचा कॅनव्हास बूट. त्याचा तळ सपाट, रबर मऊ, नक्षी उथळ आणि नाडी बांधण्याची सोय. त्याची उणीव एवढीच की तो फार लवचीक असतो व बोटांना फारसे संरक्षण देत नाही. आत थोडे जाड आणि ताठ पाताडे घातल्यास पहिली उणीव पुष्कळ कमी होते. ज्यांना अधिक खर्च करणे शक्य आहे, त्यांनी सपाट तळाचे, जाड रबराचे आणि पुढून मजबूत असलेले बूट निवडावेत. डोंगरी सायकलीचा खेळ म्हणून अभ्यास करावयाचा असेल, चिंचोळीच्या रानवाटांवर मोठ्यांसोबत जावयाचे असेल, तरच खास त्यासाठी बनविलेल्या बुटांचा विचार करावा.

बूट कोणताही असो, मापात चूक झाली तर सारे व्यर्थ. आपल्या घरांतून मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची रीत आहे. ती काटकसर योग्यच आहे. परंतु बूटही दोन नंबर मोठा घ्यावयाचा आणि पुढे कापूस किंवा चिंधी कोंबावयाची, ही रीत सायकलस्वारास घातक होय. कारण मग पाय पहिल्यांदा घसरतो तो पायडलवर नव्हे, बुटाच्या आतच! आपल्याकडील मापांत एक नंबर म्हणजे एक-तृतीयांश इंच, अर्थात् सुमारे साडेआठ मिलिमीटर. उभे राहिले असता सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा असावी. त्याहून अधिक नको. दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित फुगतो, म्हणून बूट सायंकाळी खरेदी करावा. रोजचे मोजे घालूनच तो पाहावा, आणि दोन्ही पायांत घालून पाहावा, कारण आपली दोन्ही पावले बहुधा सारखी नसतात. बूट घालून चवड्यांवर उभे राहावे. टाच बुटातून वर उचलली जात असेल, तर तो बूट परत ठेवावा. जोडा कोठे चावतो हे घालणाऱ्यासच कळते. म्हणून दुकानात जाताना मुलास बरोबर न्यावे. दोऱ्याने पाऊल मोजून बूट आणू नये.

पाय ठेवण्याचीही एक रीत आहे. पायडलच्या मध्याशी जो आस असतो, त्याच्यावर चवडा यावा. खडबडीत उतारावर त्याहून किंचित पुढे पाऊल सरकवून ठेवले तरी चालते. बोटांच्या टोकांनी पायडल दाबण्याची सवय लहानपणीच मोडावी. पाय निसटण्याचे ते एक मोठे कारण आहे. उतारावर दोन्ही पायडले समपातळीत आणावीत, गुडघे थोडे वाकवावेत आणि टाचा खाली दाबाव्यात. टाच खाली गेली की खड्ड्याचा धक्का पावलास पायडलवर अधिकच दाबतो. टाच वर असेल तर तोच धक्का पावलास पुढे ढकलून देतो. आमच्या विद्यार्थिनीचा पाय ज्या धक्क्याने निसटला, तो धक्का टाच खाली असती तर कदाचित् तिने सहन केला असता.

बुटाची निगा ही निवडीइतकीच महत्त्वाची. चिखल वाळून कडक होण्यापूर्वी तो धुवावा. ओला बूट चुलीजवळ किंवा तापलेल्या पत्र्यावर वाळत घालू नये, कारण उष्णतेने तळ चिकटविलेला सरस सुटतो आणि रबर कठीण होते. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा उन्हात ठेवलेल्या बुटाचे काय होत असेल याची कल्पना करावी. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत, वाऱ्यावर ठेवल्यास बूट एका रात्रीत बराच कोरडा होतो. महिन्यातून एकदा तळवा उलटून पाहावा. चवड्याखालची नक्षी पुसली गेली असेल, किंवा अंगठ्याचे नख दाबले असता मुळीच उमटत नसेल, तर बूट वरून कितीही नवा दिसो, पायडलसाठी तो म्हातारा झाला असे समजावे.

असा बूट टाकूनच द्यावा असे मात्र नाही. बसस्थानकापाशी किंवा बाजाराच्या कोपऱ्यात बसलेला कारागीर त्यास नवा रबरी तळ लावून देतो. त्याच्यापाशी जाताना आपण ज्या भूमीत राहतो तिचे स्मरण ठेवावे. बाराव्या शतकात आपल्या बसवकल्याणात हरळय्या नावाचे शरण होऊन गेले. ते पादत्राणे शिवीत. बसवेश्वरांनी आपणांस दुहेरी नमस्कार केला, या ऋणातून मुक्त होण्यासाठी हरळय्या व त्यांच्या पत्नी कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीचे कातडे काढून त्यांच्यासाठी जोडा शिवला, आणि बसवेश्वरांनी तो पायांत न घालता मस्तकी लावला, अशी आख्यायिका आहे. जोडा शिवणाऱ्याच्या श्रमास एवढा मान ज्या नगरीने दिला, तेथील मुलांनी तरी त्या श्रमाकडे तुच्छतेने पाहू नये. तुमचा पाय पायडलवर टिकतो, तो त्याच्याही हातांमुळे टिकतो.

त्या मुलीची हकीकत पुरी करावयाची राहिली. तिच्या आईने जुन्या चपला बाजूस ठेवल्या आणि आठवड्याच्या बाजारातून मापाचे कॅनव्हास बूट आणले. टाके निघाल्यावर शाळेच्या मैदानावर, गवताच्या उतारावर, टाचा खाली ठेवून उतरण्याचा सराव आम्ही तिच्याकडून करून घेतला. पावसाच्या दिवशी त्या कडेच्या उताराशी तिने उतरून सायकल हाती धरून चालावे, असेही ठरले. कारण सावधगिरी ही कोणत्याही बुटाहून श्रेष्ठ आहे. पुढील वर्षी ती दहावीला बसली. आई निकालाच्या दिवशी आली तेव्हा मुलीसोबत सायकलवरूनच, मागच्या कॅरिअरवर बसून आली होती.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, उद्या सकाळी सायकल बाहेर काढण्यापूर्वी एक क्षण थांबा आणि आपल्या बुटाचा तळवा उलटून पाहा. आणि पालकांस विनंती एवढीच की, सायकलीच्या रंगाविषयी मुलांना काय हवे ते घेऊ द्यावे. पण त्यांच्या पायांत काय आहे, ते मात्र स्वतः वाकून पाहावे.